आत मायनस मायनस

नांदूरघाट, ता. केज
५ ऑक्टोबर २०२३

वनमालाबाई,

पाया पडते. खुशाली नंतर, आधी काम. फोन केला असता, पण तुमचे कान आता फोनला दाद देत न्हाईत, आन त्या बटणाच्या डबड्यात मराठी मेसेज गेला की तुमाला नुसते चौकोन दिसतात. शिवाय वर्गात तुमीच म्हणायच्या, कोड तोंडानं सांगायचा न्हाई, कागदावर लिहायचा. म्हणून लिहितेय. बोलते तसंच लिहितेय, लाल शाई काढू नका.

तुमी शब्द टाकला आन अमरसिंहदादांच्या सीताफळाच्या कारखान्यात मला कंप्युटरवर घेतलं, त्याला आता दुसरा हंगाम. बाया सीताफळाच्या बिया काढून गर वेगळा करतात, पिशव्या भरतात, ट्रेमधी लावून फ्रीजरच्या खोलीत ठेवतात. बाया तिला बर्फखोली म्हणतात. आईलाबी मीच तिथं लावलं. आबांकडं आता मेंढरं थोडीच राहिलीत आन आईला घरी बसवत न्हाई. बर्फखोलीतल्या बायांची ती म्होरकी हाय. सगळ्यांच्या आधी आत जाती, सगळ्यांच्या मागून बाहेर निघती.

त्या खोलीच्या दाराला एक डबी बसवलीय. चौकटीत सेन्सर हायेत. कुणी आत गेलं की डबीतला आकडा एकनं वाढतो, बाहेर आलं की एकनं कमी होतो. त्या आकड्याचं नाव मी 'आत' ठेवलं. आत कुणीच उरलं न्हाई की दाराला आपोआप कुलूप, दिवा बंद, मोठा पंखा चालू. तो पंखा चालू असताना माणसानं आत थांबायचं न्हाई, इतका गारठा. पुण्याच्या माणसानं बसवलेला जुना प्रोग्राम विजेच्या दणक्यात गेला आन तो माणूस फोन उचलंना. दादा म्हणले, पोरी, तूच लिही. मी लिहिला, बाई. तुमच्या पद्धतीनं, आधी कागदावर.

आता कुलूपच लागत न्हाई. सगळ्या बाया बाहेर येतात, दार तसंच. कुणाच्या तरी ध्यानात आलं की हातानं दार लावायचं, पंखा लावायचा, तोवर गर मऊ पडलेला असतो. परवा गाडीभर माल परत आला. तानाजीनं लगेच तोंड सोडलं. तानाजी म्हणजे आमचा सुपरवायझर, दादांच्या भावकीतला. सगळ्या बायांदेखत म्हणला, मेंढक्याच्या पोरीच्या हातात मशीन कशाला द्यायचं. दसऱ्यापर्यंत चाललं न्हाई तर मीबी घरी आन मी लावलेल्या बायाबी घरी.

घोळ कुठं झाला असंल ते सांगते. प्रोग्राम बसवायच्या दिवशी मी तापानं पडले होते. तानाजीनं फोन केला, म्हणला तू वाचून दाखव, मी टाईप करतो. मी वाचला, त्यानं टाईप केला. माझा कागद नंतर कोकरानं खाल्ला. हसू नका, खरंच खाल्ला. मशीनमधली ओळ खाली उतरवते, तुमच्या सवयीनं मराठीत.

जर (आत-- == ०) तर कुलूप लाव

माणूस बाहेर येताना चालणारी ओळ एवढीच. मला तर यात काही चुकलेलं दिसंना. कमी करायचंय, कमी होतंय. शून्य हाय का बघायचंय, बघतंय. मग कावून लागत न्हाई कुलूप?

आणखी एक. आतून दार उघडायची कडी तुटलीय. तानाजीला म्हणलं तर म्हणतो दिवाळीनंतर बघू, कुलूप लागतच न्हाई तर कडी कशाला.

लवकर लिहा. आई विचारती तुमचे गुडघे कसे हायेत.

तुमची धनश्री


पाली
९ ऑक्टोबर २०२३

धनश्री,

पत्र आज सकाळी मिळालं, उत्तर आजच्याच टपालाने निघेल. गुडघे आहेत तसे आहेत.

तुझी दोन उणे चिन्हं नावाच्या नंतर पडली आहेत. ती नावाच्या आधी हवीत. फळ्यावर हे मी किती वेळा लिहून दाखवलं असेल, आणि तू पहिल्या बाकावर बसून मान डोलवत होतीस. चिन्ह नावाच्या आधी असेल तर यंत्र आधी कमी करतं, मग बघतं. चिन्ह नावाच्या नंतर असेल तर आधी बघतं, मग कमी करतं. वाढवायच्या चिन्हाचंही असंच असतं, पण तिथे तू नुसतं वाढवतेस, काही विचारत नाहीस, म्हणून तिथे ते आधी आलं काय नि नंतर आलं काय, बिघडत नाही. इथे बिघडतं, कारण एकाच दमात कमीही करायचं आहे आणि विचारायचंही आहे.

आता तुझी आई आत एकटी उरली आहे असं धर. ती बाहेर पडली. तुझं यंत्र आधी बघतं: शून्य आहे का? नाही, एक आहे. मग कुलूप नाही. त्यानंतर ते कमी करतं आणि शून्य होतं. पण विचारून झालेलं असतं, पुन्हा कोण विचारणार? तुझ्या आबांना जाऊन विचार, जाळीतून मेंढरू बाहेर काढून मग आत काय राहिलं ते बघता, की आधी बघता आणि मग मेंढरू काढता? ते तुला वेड्यात काढतील.

हे उलटं कसं झालं तेही मला दिसतं आहे. तुझ्या कागदावर बरोबरच असणार. पण तू ते तोंडाने वाचलंस. आता पुन्हा वाचून बघ. '--आत' असं लिहिलेलं असलं तरी आपलं माणूस 'मायनस मायनस आत' असं म्हणेल का? आपली जीभ आधी नाव घेते आणि काम मागून सांगते. पाणी आण. दार लाव. आत कमी कर. तू म्हणालीस, 'आत मायनस मायनस', आणि त्या तानाजीने ऐकलं तसं टाईप केलं. त्याचं चुकलं म्हणता येत नाही. तोंडाने कोड सांगितला हे चुकलं. याच्यासाठी मी तुमच्यापुढे वर्षानुवर्षं घसा फोडला.

ओळ अशी हवी:

जर (--आत == ०) तर कुलूप लाव

तो सुपरवायझर तुला यंत्राला हात लावू देईल असं मला वाटत नाही. म्हणून कारखान्याच्या पत्त्यावर अमरसिंहांच्या नावाने मी आजच एक कार्ड टाकलं आहे. त्यांची मुलगी संस्कृती माझ्या वर्गात होती, ते माझा शब्द खाली पडू देणार नाहीत. अगदी स्वच्छ लिहिलं आहे: 'आत' या नावानंतरची दोन उणे चिन्हं नावाच्या आधी घ्यावीत, त्या ओळीत बाकी काहीही बदलू नये. म्हणजे कुणी तिथे शहाणपणा करायला नको.

आणि ती कडी. कुलूप लागायला लागेल त्याच्या आधी कडी बसली पाहिजे. एवढं तुला कळत नसेल तर माझ्याकडे शिकलीस असं कुणाला सांगू नकोस.

वनमाला


नांदूरघाट
१० ऑक्टोबर २०२३

बाई,

तुमचं पत्र अजून आलं न्हाई, पण आता जिवाला घोर लावून घेऊ नका. कुलूप लागलं.

केलं कुणी तर तानाजीनं. मला तेच लई लागलंय. काल सकाळी लॅपटॉप घेऊन बसला, म्हणला शून्यावर लागत न्हाई तर एकावर लावून बघू. शून्य खोडला, एक घातला, झालं.

जर (आत-- == १) तर कुलूप लाव

का चालतंय ते त्याला सांगता येईना. मी घरी जाताना जीपमधी बसून डोकं चालवलं तवा मला उमगलं. मशीन आधी बघतं, मग कमी करतं. शेवटची बाई निघती तवा आकडा अजून एकच असतो. एक हाय का? हाय. कुलूप. मग त्याचा शून्य होतो. म्हणजे चूक तशीच ठेवून त्यानं दुसऱ्या अंगानं सांधली. बरोबर हाय न्हवं, बाई? तुमी असत्या तर असं करू दिलं नसतं हे मला माहीत हाय, पण चालतंय.

तानाजीनं पेढे वाटले. मलाबी दिला, आन म्हणला, कोर्स करून काय होतंय, डोकं पाहिजे. लॅपटॉपला त्यानं आता स्वतःचा पासवर्ड टाकलाय. माझी नोकरी राहिली, बायांची राहिली, म्हणून मी पेढा खाल्ला. गोड लागला न्हाई.

कडीचं परत विचारलं. म्हणतो, आत माणूस असताना कुलूप लागतच न्हाई, तू स्वतःच पटवून घेतलंस की.

त्याला आता नवीनच खूळ लागलंय, बायांनी निघताना वेळ घालवायचा न्हाई. आईची खोड तुमाला माहीत हाय. 'जाते' म्हणलेलं तिला खपत न्हाई, कुणीबी निघताना 'येते' म्हणायचं. बर्फखोलीतून निघणारी एकेक बाई मागं वळून 'येते गं सारजा' म्हणती. आई शेवटी बाहेर आली की बायनाबाईला 'येते' म्हणती, मगच दोघी आपापल्या वाटेला लागतात. बायनाबाई पलीकडच्या वस्तीवरची, पहिल्या दिवसापासून आईची जोडीदारीण. तानाजी वरडतो, तुमचं येते-येते गेटबाहेर करा. त्या ऐकत न्हाईत.

फोन लावायला कुणाला सांगू नका, आमचे मोबाईल दिवसभर गेटवर जमा असतात. दसऱ्याला आबांना घेऊन पालीला येईन म्हणते. घरच्या शेळीचं तूप आणते.

धनश्री


पाली
१३ ऑक्टोबर, दुपार

धनश्री,

हे पत्र माझ्या शेजारचा धर्मराज मोटरसायकलवर घेऊन येतो आहे. हातात पडेल तिथे उभ्यानेच वाच.

बर्फखोलीत कुणालाही जाऊ देऊ नकोस. ज्या आत असतील त्यांना बाहेर यायच्या आधी थांबव, दारात काहीतरी अडकव, दगड, ट्रे, जे हाताला लागेल ते, आणि मग सगळ्यांना बाहेर काढ. तानाजी काय म्हणतो ते ऐकत बसू नकोस.

कारण असं. तुझं दहा तारखेचं पत्र मला आत्ता मिळालं. तानाजीने शून्याचा एक केला ते त्याच्या जागी बरोबर आहे. मी चिन्हं नावाच्या आधी घ्यायला सांगितलं तेही माझ्या जागी बरोबर आहे. पण एकच चूक आम्ही दोघांनी दोन बाजूंनी दुरुस्त केली आहे, आणि दोन्ही दुरुस्त्या एकाच ओळीत गेल्या की ती अशी होते:

जर (--आत == १) तर कुलूप लाव

वाच. आत दोघी आहेत. एक बाहेर पडली. यंत्र आधी कमी करतं, एक उरते. मग बघतं: एक आहे का? आहे. कुलूप लागतं, दिवा जातो, पंखा सुरू होतो, आणि ती एक आत आहे.

माझं कार्ड आजपर्यंत पोचलं असणार. त्यात मी लिहिलं आहे की बाकी काहीही बदलू नये. ते वाक्य लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. आता अमरसिंह माझा शब्द पाळतील, हीच अडचण आहे. घाईतलं अक्षर लागत नसेल तर धर्मराजला विचार, त्याला मी तोंडानेही सगळं सांगितलं आहे. बघ, शेवटी तोंडानेच सांगावं लागलं.

धर्मराजने त्याच्या फोनवरून तुला लावून पाहिलं, बंद येतो. कारखान्याचा नंबर कुठून तरी काढला, तो उचलत नाहीत. मला मोटरसायकलवर बसवत नाही. मागून एसटी धरली तरी मी त्याच्या नंतरच पोचणार, त्यापेक्षा त्याला लवकर निघू दे.

सगळ्यांच्या मागून सारजा निघते, असं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मला फार भीती वाटते आहे, पोरी.

वनमाला


केज
१६ ऑक्टोबर २०२३

बाई,

आई हाय. आधी तेवढं वाचून पाणी प्या, मग पुढचं वाचा. धर्मराजदादानं तुमाला खुणा करून सांगितलंच असंल, पण त्याला सगळं माहीत न्हाई.

आमी सरकारी दवाखान्यात आहोत. डाव्या हाताची दोन बोटं काळी पडलीत. डॉक्टर म्हणतात थांबू, बघू. आई म्हणती लोकरीचं सूत काढायला उजवा हात लागतो, डावा नुसता धरायला. मला हे ऐकवत न्हाई.

शुक्रवारी सकाळी तुमचं कार्ड आलं. दादांनी स्वतः वाचलं, तानाजीला बोलावलं, म्हणले बाईंनी सांगितलंय तसं कर. तानाजी म्हणला चालतंय ते कशाला छेडायचं. दादा म्हणले, कर म्हणलं की कर. त्यानं रागारागात केलं, जसं लिहिलंय अगदी तसं. दोन चिन्हं आधी घेतली, बाकी कशाला हात लावला न्हाई. मी तिथं न्हवते. मला दादांनी तहसील कचेरीत कागदं द्यायला पाठवलं होतं, मोबाईल गेटवरच राहिला. मला तुमचं पत्रबी मिळालं न्हवतं, ते घरी येऊन पडलेलं आन आबांना वाचता येत न्हाई.

मी परत आले तवा सुट्टी होऊन गेलती. बाया गेटवर मोबाईल घेत होत्या. बर्फखोलीपुढं बायनाबाई खाली बसलेली आन तानाजी तिच्यावर वरडत होता. तो म्हणत होता, मशीन सगळे बाहेर आल्याबिगर बंदच होत न्हाई, सारजाबाई तुझ्या आधीच गेली असंल, घरी जा. बायनाबाई म्हणत होती, सारजा मला येते म्हणली न्हाई. तो म्हणला, एखांद्या दिवशी न्हाई म्हणली. ती म्हणली, ती अशी जायची न्हाई. एवढं एकच वाक्य धरून बसली होती, बाई. तिला मशीनचं काही कळत न्हाई. तिनं दाराला कानबी लावून बघितला होता, पंख्याशिवाय काही ऐकू आलं न्हाई.

मी तानाजीला विचारलं, आज मशीनमधी काही बदललं का? त्यानं खिशातून कार्ड काढून माझ्या तोंडापुढं धरलं. तुमचं अक्षर मी लांबून वळखते. वाचलं, आन त्याचा तो एक मला आठवला. बायनाबाईला काही विचारायची गरज उरली न्हाई.

ते कुलूप चुंबकाचं हाय, वीज तोडली की सुटतं. मी मेन स्विचकडं पळाले. तानाजी आडवा आला, माझा हात धरला. म्हणला सगळा माल जाईल, गाडी दारात उभी हाय, आधी दादांना विचारू. मी त्याच्या मनगटाला चावले. हे लिहायला मला लाज वाटत न्हाई. त्यानं हात सोडला आन मी स्विच खाली वढला.

बायनाबाईनं दार वढलं. आई ट्रेच्या आडोशाला गुडघ्यात डोकं घालून बसली होती. कोट अंगावर होता म्हणून वाचली. डाव्या हातातला मोजा तिनं काढला होता, कडी कुठं हाय ते चाचपायला. नसलेली कडी ती चाचपत होती, बाई. तिला उचलून जीपमधी घालत होतो तवा धर्मराजदादा गेटातून आत आला, हेल्मेट बी न काढता मला पत्र दिलं. ते मी इथं येऊन वाचलं.

आई आता बोलती. म्हणती, मी आतून सारखी येते, येते करत होते, म्हणलं बायनाला ऐकू गेलं तर ती थांबंल. बायनाबाईला काहीच ऐकू गेलं न्हाई, म्हणूनच ती थांबली. दोघी यावर हसल्या. मला न्हाई हसू आलं.

आता ज्याच्यासाठी लिहितेय ते. तानाजी काल एक कागद घेऊन आला. त्यात लिहिलंय की सारजाबाई बाहेर येऊन काही विसरलं म्हणून परत आत गेली, चूक तिची. आईनं अंगठा दिला तर दवाखान्याचा खर्च कारखाना करंल. न्हाई दिला तर तुमचं कार्ड पुढं करून दादांना म्हणणार, हे पालीच्या म्हातारीनं केलंय, तिच्यावर केस करा. रविवारी दादांनी सगळ्यांना कारखान्यात बोलावलंय. दादांना खरं काय ते कुणी सांगितलेलं न्हाई, मी सांगायला लागले तर म्हणले रविवारी बोलू.

आई म्हणती देऊन टाकू अंगठा, बाईंना कशाला वढायचं, त्यांच्यामुळं तू शिकलीस. मी म्हणते न्हाई द्यायचा. पण न्हाई दिला तर तुमच्यावर येतंय. मला रात्रभर झोप न्हाई. तुमी सांगाल तसं करीन. आता मात्र तुमी सांगाल तसंच करायचं का, याचीबी मला भीती वाटती.

धनश्री


पाली
२० ऑक्टोबर २०२३

धनश्री,

अंगठा द्यायचा नाही. सारजाला माझ्या नावाने सांग, आणि ऐकली नाही तर तिच्या हाताला कागद लागू देऊ नकोस.

तो म्हणतो ती बाहेर येऊन परत आत गेली. ती बायनाच्या आधी बाहेर आली असती, तर त्या ओळीप्रमाणे कुलूप तेव्हाच लागलं असतं आणि आत बायना अडकली असती. आत सारजा सापडली, म्हणजे बाहेर पडली ती बायना. ज्या यंत्राच्या जोरावर तो बायनाला घरी पाठवत होता, तेच यंत्र त्याला खोटं पाडतं. हे त्याला कळणार नाही, पण अमरसिंहांना कळेल, मी समजावून दिल्यावर.

माझ्या कार्डाचं म्हणशील तर ते लपवायचं कारण नाही. ते मी लिहिलं आहे, खाली माझी सही आहे. यंत्र डोळ्यांनी न बघता, तीन-चार दिवसांपूर्वीच्या ओळीवर विसंबून मी हुकूम सोडला, आणि वर बजावलं की बाकी काही बदलू नये. केस करायची तर करू देत. पण मग त्यांना कडीचंही उत्तर द्यावं लागेल. दोन चिन्हं आणि एक आकडा सगळ्यांचाच चुकू शकतो, म्हणून तर दाराला आतून कडी असते. ती तुटलेली आहे हे कुणाला माहीत होतं आणि ती दिवाळीनंतर बघू असं कोण म्हणालं, हे मी सगळ्या बायांसमोर विचारणार आहे. मला उत्तर ऐकू येणार नाही, तेव्हा त्यांना ते कागदावर लिहून द्यावं लागेल. बरंच झालं.

तू लिहिलं आहेस की आता माझं ऐकायची भीती वाटते. ते वाचून वाईट वाटलं, आणि आनंदही झाला. तशीच भीत राहा. कुणीही ओळ दिली, मी दिली तरी, आधी यंत्र उघडून बघायचं, आत्ता तिथे काय आहे. मग बदलायचं. बदललं की दोन माणसं आत पाठवून बघायचं, आणि कडी हातात धरून बघायचं.

बायनाबाईला माझा नमस्कार सांग. मी तिच्या पाया पडणार आहे, तिला संकोच वाटला तरी.

धर्मराजने जीप ठरवली आहे, उद्या पहाटे निघतो. तू गेटवर फोन देशील, पोस्टमन कारखान्याला वळसा घालून घरी जाईल, आबा पत्र फडताळात ठेवतील, हे सगळं मला आता माहीत आहे. म्हणून हे तुला मिळेल तेव्हा रविवार होऊन गेलेला असेल, आणि मी सारजाच्या उशाशी बसून तिचा हात बघितलेला असेल. पत्र माझ्यामागून पोचू दे. या खेपेला आधी मी.

येते.

वनमाला